'महाराष्ट्र केसरी' : तालमीची परंपरा, किताबाचा इतिहास आणि दुभंगाचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या, विशेषतः दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात कुस्तीला केवळ खेळाचे स्थान नाही. गावची जत्रा, ग्रामदैवताचा उत्सव, तालमीतील मारुतीची पूजा, वर्गणी काढून जाहीर केलेले इनाम आणि विजयी मल्लाच्या डोक्यावर बांधलेला फेटा या सर्वांची मिळून एक सामाजिक संस्था तयार झालेली आहे. या संस्थेचे सर्वोच्च प्रतीक म्हणून गेली साठ वर्षे 'महाराष्ट्र केसरी' या किताबाकडे पाहिले जाते. ऑलिंपिक पदकविजेत्याचे नाव न आठवणारा शेतकरीही आपल्या भागातील महाराष्ट्र केसरीचे नाव सालासह सांगतो. यावरून या किताबाची लोकमानसातील प्रतिष्ठा लक्षात येते.

तथापि नोव्हेंबर २०२३ मध्ये एक अभूतपूर्व घटना घडली. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे झालेल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख याने शिवराज राक्षे याला चितपट करून महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत धाराशिव येथे दुसऱ्या संघटनेने भरविलेल्या स्पर्धेत हाच शिवराज राक्षे अंतिम लढत जिंकून महाराष्ट्र केसरी ठरला. एकाच महिन्यात एक मल्ल महाराष्ट्र केसरी होण्यात अपयशीही ठरला आणि महाराष्ट्र केसरी झालाही. तेव्हा महाराष्ट्र केसरी म्हणजे नेमके काय, या किताबाची प्रतिष्ठा कशातून निर्माण झाली आणि ती कशामुळे धोक्यात येते, हे प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक व सांस्कृतिक अंगाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

१) कोल्हापूर संस्थानातील राजाश्रयापासून राज्यस्तरीय संघटनेपर्यंत झालेला कुस्तीचा प्रवास स्पष्ट करणे.
२) तालीम, मैदान व गदा या परंपरांचा अर्थ उलगडून दाखविणे.
३) मेक्सिको देशातील व्यावसायिक कुस्ती-संस्थेशी तुलना करून महाराष्ट्र केसरीचे वेगळेपण निश्चित करणे.
४) माती व गादी यांतील पेच आणि संघटनात्मक दुभंग यांची चिकित्सा करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रामुख्याने पुरुषांच्या कुस्तीपुरते मर्यादित आहे.

राजाश्रयाचा कालखंड

मराठी मुलखातील सांगली, मिरज, सातारा आदी संस्थानांनी मल्लांना आश्रय दिला. परंतु कुस्तीला संस्थात्मक रूप देण्याचे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींकडे (१८७४-१९२२) जाते. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती आल्यानंतर त्यांनी कोल्हापुरात तालमींना उत्तेजन दिले, मल्लांच्या खुराकाची व्यवस्था केली आणि उत्तरेतील नामांकित पैलवानांना कोल्हापुरात आणून स्थानिक मल्लांपुढे श्रेष्ठ प्रतीचा नमुना ठेवला. महाराज स्वतः उत्तम मेहनत केलेले कुस्तीगीर होते.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज युरोपला गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या मैदानाची रचना वर्तुळाकार असून मध्यभागी आखाडा व सभोवती चढत जाणारी बैठक आहे. सुमारे तीस हजार प्रेक्षकांपैकी कोणीही कोठेही बसला तरी त्याच्या दृष्टीस अडथळा येऊ नये, हे या रचनेचे तत्त्व होय. मैदानाच्या उद्घाटनप्रसंगी गामा पैलवानांचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली व तीत इमामबक्ष विजयी झाले. मैदानाला लागूनच पुढे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. नाट्य आणि मल्लविद्या या दोन लोककलांना शेजारी शेजारी जागा देणारी ही योजना त्या काळाच्या सांस्कृतिक दृष्टीची साक्ष देते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास भीषण आग लागली. तिची झळ खासबाग मैदानाच्या बाजूसही पोहोचली, तेव्हा नाट्यरसिकांइतकेच कुस्तीशौकीनही हळहळले.

राजाश्रय ते लोकाश्रय

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मल्लांचा हक्काचा पोशिंदा नाहीसा झाला. ही पोकळी तीन घटकांनी भरून काढली. पहिला घटक गावोगावच्या यात्रा समित्यांचा. दुसरा घटक सहकारी साखर कारखान्यांचा व त्यांच्या नेतृत्वाचा. कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले व मैदाने भरविली. तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ वारणानगर येथे भरणारे मैदान हे याचे ठळक उदाहरण होय. तिसरा घटक राज्यस्तरीय संघटनेचा. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि विखुरलेल्या तालमी प्रथमच एका छत्राखाली आल्या.

परिषदेच्या वार्षिक अधिवेशनातील सर्वोच्च किताब म्हणून महाराष्ट्र केसरी स्पर्धेस १९६१ मध्ये औरंगाबाद येथे प्रारंभ झाला. पहिले मानकरी दिनकर दह्यारी हे होत. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ची आहे. म्हणजे नवे राज्य आणि त्याचा नवा 'केसरी' हे जवळजवळ समवयस्क आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा निरनिराळ्या विभागांत स्पर्धा फिरती ठेवण्यात आली. भिन्न प्रशासकीय इतिहास असलेल्या या प्रदेशांना 'एका महाराष्ट्राची' जाणीव देणाऱ्या गोष्टींत या फिरत्या गदेचाही वाटा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मानकऱ्यांची यादी सामाजिकदृष्ट्याही बोलकी आहे. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, हरिश्चंद्र बिराजदार, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, युवराज पाटील, इस्माईल शेख, सईद चाऊस, बाला रफीक शेख अशी नावे तीत एकापाठोपाठ येतात. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख कुटुंबातील तिघांनी, म्हणजे इस्माईल (१९८०), अप्पालाल (१९९२) व मुन्नालाल (२००२) यांनी हा किताब मिळविला. तालमीत जातिधर्मापेक्षा मेहनतीला मान असतो, या विधानाला ही यादी आधार देते. पुढील काळात नरसिंग यादव व विजय चौधरी यांनी प्रत्येकी सलग तीन वेळा गदा जिंकली.

तालीम, मैदान आणि गदा : परंपरांचा अर्थ

कोल्हापूरच्या मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम यांसारख्या तालमी ही मल्लांची निवासी विद्यापीठेच होत. येथील दिनक्रम पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, सपाट्या अशी मेहनत, त्यानंतर हौद्यातील लढती, मालीश, आंघोळ, थंडाई, भाकरी आणि विश्रांती; सायंकाळी पुन्हा तोच क्रम. हौद्यातील तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर इत्यादी मिसळतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगावरील खरचटण्यास बाधा होऊ देत नाही, अशी तालमीतील श्रद्धा आहे. हौद्यात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून तो कपाळी नेणे आणि वस्तादांच्या पाया पडणे हा येथील शिरस्ता होय. वस्ताद हा केवळ प्रशिक्षक नसतो. खेड्यातून आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा तो पालकही असतो.

जत्रेतील मैदानाची स्वतःची एक रीत आहे. दुपारी रेवड्यांवरील लहान मुलांच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि इनामाची रक्कम वाढत वाढत दिवस मावळताना पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. हलगी कडाडते, पंच जोड लावतात, मल्ल सलामी देतात, काही काळ खडाखडी होते आणि मग पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकलंगी अशा डावांची देवघेव सुरू होते. मातीवरील पारंपरिक कुस्तीचा निकाल पाठ जमिनीला टेकल्यानेच लागतो. गुणांचा हिशेब तेथे नसतो. कुस्ती लांबली तर ती बरोबरीत सोडवितात. परंतु शौकिनांच्या लेखी 'निकाली' कुस्तीलाच खरा मान असतो.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेने या ग्रामीण रीतीचा आधुनिक नियमांशी एक कल्पक मेळ घातला. खुल्या गटात माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते. म्हणजे ही लढत केवळ दोन मल्लांची नसून दोन पद्धतींचीही असते. विजेत्यास मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून चांदीची गदा देण्याची प्रथा रूढ झाली. गदा हे भीमाचे व मारुतीचे आयुध. त्यामुळे ती स्वीकारणारा मल्ल केवळ स्पर्धा जिंकत नाही, तर एका परंपरेचा वारसा खांद्यावर घेतो, असा भाव या प्रसंगी प्रेक्षकांच्या मनात असतो.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे झालेली अंतिम लढत या संदर्भात उल्लेखनीय ठरते. हर्षवर्धन सदगीर व शैलेश शेळके हे दोघेही काका पवार यांच्या तालमीत वाढलेले मल्ल. विजयानंतर सदगीर याने पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. हार-जीत हौद्यापुरती आणि भाऊबंदकी... नव्हे, गुरुबंधुत्व आयुष्यभराचे, हा तालमीचा संस्कार त्या एका कृतीतून प्रकट झाला.

मेक्सिकोतील व्यावसायिक कुस्ती : एक तुलना

महाराष्ट्र केसरीचे स्वरूप नीट समजण्यासाठी कुस्तीप्रेमी अशाच दुसऱ्या समाजाकडे पाहणे उपयुक्त ठरते. मेक्सिकोत 'लुचा लिब्रे' या नावाने ओळखली जाणारी कुस्ती साल्व्हादोर लुत्तेरोत या उद्योजकाने रुजविली. अमेरिकेच्या सीमेवरील एल पासो शहरात पाहिलेल्या कुस्त्यांनी प्रभावित होऊन त्याने सप्टेंबर १९३३ मध्ये स्वतःची कुस्ती-संस्था सुरू केली. ती आज 'कोन्सेहो मुंदिआल दे लुचा लिब्रे' या नावाने ओळखली जाते आणि अखंडपणे चालू असलेली जगातील सर्वांत जुनी व्यावसायिक कुस्ती-संस्था मानली जाते. १९५६ मध्ये उभारलेले 'अरेना मेक्सिको' हे तिचे खासबाग मैदान म्हणता येईल. दर सप्टेंबरात होणारा वर्धापनदिनाचा कार्यक्रम हा तिचा सर्वांत मोठा सोहळा असतो.

मात्र साम्य येथेच संपते. लुचा लिब्रेमध्ये लढतीचा निकाल पूर्वनियोजित असतो. 'तेक्निको' म्हणजे सज्जन आणि 'रुदो' म्हणजे उद्दाम अशा दोन पक्षांत मल्ल विभागलेले असतात. अनेक मल्ल मुखवटा धारण करतात व आपली खरी ओळख गुप्त ठेवतात. 'एल सांतो' हा रुपेरी मुखवट्याचा मल्ल १९४२ पासून चार दशके लोकनायक होता. १९८४ मध्ये त्याचा अंत्यविधीही मुखवट्यासह झाला. मुखवटा पणाला लावून होणारी लढत ही तेथील सर्वोच्च प्रतिष्ठेची लढत होय. हरणाऱ्यास सर्वांसमक्ष मुखवटा उतरवून आपले नाव सांगावे लागते.

कोकणातील वाचकास हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. शिमग्यातील संकासुर मुखवट्याआड असतो तोवर त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही. दशावतारात शेवटी देवाचाच जय होणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक पहाटेपर्यंत जागतो. निकाल माहीत असणे हे तेथे रसभंगाचे कारण ठरत नाही, कारण प्रेक्षक निकालासाठी नव्हे, तर सत्-असताच्या संघर्षाच्या दर्शनासाठी आलेला असतो. त्या अर्थाने लुचा लिब्रे ही कुस्तीपेक्षा दशावताराला अधिक जवळची आहे. मेक्सिको शहराने २०१८ मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तो याच अर्थाने.

महाराष्ट्रात मात्र ठरवून केलेली कुस्ती हा कलंक समजला जातो. 'नुरा कुस्ती' हा शब्द आपल्या राजकीय भाषेत फसवणुकीचा पर्याय म्हणून वापरला जातो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मुंबईत दारासिंग यांच्या फ्री स्टाईल कुस्त्यांनी पन्नास व साठच्या दशकांत अफाट गर्दी खेचली. १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना मुंबईतच पराभूत केले. तरीही या प्रकाराची कायम संस्था महाराष्ट्रात रुजली नाही. येथील शौकिनाला मैदानात सत्याचा निकाल हवा असतो. महाराष्ट्र केसरीची सारी प्रतिष्ठा या एका अपेक्षेवर उभी आहे.

माती की गादी?

या परंपरेपुढील पहिला पेच तांत्रिक आहे. माती पायाला धरून ठेवते. तेथे ताकद, दम आणि चिकाटी यांना महत्त्व येते. गादीवर हालचाल वेगवान होते. प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मिळवावे लागतात आणि एका गुणाच्या फरकानेही कुस्ती जाते. ऑलिंपिक व जागतिक स्पर्धा गादीवरच होतात. त्यामुळे केवळ मातीत घडलेला मल्ल तेथे उशिरा पोहोचतो.

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावा क्रमांक मिळाला. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदके पटकाविली, तर दादू चौगुले यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. मातीतील मल्ल गादीवर यशस्वी होऊ शकतो, हे या तिघांनी सिद्ध केले.

परंतु ऑलिंपिकपुरता विचार केल्यास खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लास पदक मिळालेले नाही. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. २०२४ मध्ये ते कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे याने मिळविले, पण नेमबाजीत. यामागे एक आर्थिक कारण दिसते. गावोगावच्या मैदानांचे इनाम मल्लाचा खुराक चालविते. ते सोडून वजनगटानुसार वजन घटवीत गादीवर वर्षानुवर्षे सराव करणे शेतकरी कुटुंबातील मुलाला परवडत नाही. ज्या लोकाश्रयाने कुस्ती जगविली, त्याच लोकाश्रयाचे गणित तिला आंतरराष्ट्रीय मार्गावर जाऊ देत नाही. हा दोष मातीचा नसून व्यवस्थेचा आहे.

एक किताब, दोन गदा

दुसरा पेच संघटनात्मक आहे आणि तो अधिक गंभीर आहे. २०२२ च्या मध्यास भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. त्यातून न्यायालयीन वाद व समांतर संघटना निर्माण झाल्या. २०२३ च्या नोव्हेंबरातील दोन स्पर्धांचा उल्लेख प्रारंभी केलाच आहे. २०२५ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ, तर मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी ठरला. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून मोठा वाद झाला व दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

मेक्सिकोतही अशी फूट पडली होती. १९९२ मध्ये आंतोनिओ पेन्या याने मूळ संस्थेतून बाहेर पडून 'ट्रिपल ए' ही संस्था काढली. तेथे दोन्ही संस्था टिकल्या, कारण त्या दोन नाटक मंडळ्यांसारख्या होत्या. प्रेक्षकाला दोन्हीकडील खेळ पाहता येतात आणि एका मंडळीचा नायक दुसऱ्या मंडळीच्या नायकास खोटा ठरवीत नाही. महाराष्ट्र केसरीची गोष्ट निराळी आहे. हा किताब 'राज्यातील सर्वश्रेष्ठ मल्ल कोण' या प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्या प्रश्नाला एका वेळी एकच खरे उत्तर असू शकते. दोन गदा म्हणजे दुप्पट गौरव नव्हे. दोन्ही गदांचे वजन निम्म्यावर येणे होय. यात संघटनांचे नुकसान थोडे, मल्लाचे अधिक. दहा-बारा वर्षे तालमीत घाम गाळून मिळविलेल्या गदेपुढे 'कोणत्या संघटनेची?' हा प्रश्न कायमचा लिहिला जातो.

याच काळात एक आशादायक घटनाही घडली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. शतकानुशतके स्त्रीला हौद्याच्या कडेलाही येऊ न देणारी परंपरा बदलू शकते, याचा हा पुरावा होय.

निष्कर्ष

१) महाराष्ट्र केसरी किताबाची मुळे कोल्हापूरच्या राजाश्रयात असली, तरी त्याची वाढ यात्रा, सहकार व राज्यस्तरीय संघटना यांच्या लोकाश्रयावर झाली.
२) लुचा लिब्रेची शक्ती नाट्यात, तर महाराष्ट्राच्या कुस्तीची शक्ती निकालाच्या सत्यतेत आहे. म्हणून पंचांची विश्वासार्हता हा येथे नियमांचा तपशील नसून परंपरेचा प्राण आहे.
३) माती व गादी यांत निवड करण्याची आवश्यकता नाही. लहान वयापासून दोन्हींचा सराव आणि इनामाला पर्याय ठरेल अशी नियमित शिष्यवृत्ती मल्लास मिळणे गरजेचे आहे.
४) किताबाचे एकत्व हेच त्याचे मूल्य होय. संघटना दोन राहिल्या तरी अंतिम लढत एकच व्हावी, एवढा किमान समझोता होणे मल्लांच्या हिताचे आहे.

शाहू महाराजांनी खासबागेत कोठूनही आखाडा स्पष्ट दिसावा अशी व्यवस्था केली. तीस हजार डोळस साक्षीदारांपुढे लागलेला निकाल कोणालाही नाकारता येऊ नये, हा त्या रचनेचा सहज परिणाम होता. आज मैदाने मोठी झाली, प्रकाशझोत आले, चित्रवाणीचे कॅमेरे आले. कमी पडते आहे ती सर्वांना मान्य होईल अशा एका निकालाची. ती व्यवस्था पुन्हा उभी करणे, हीच मातीला खरी सलामी ठरेल.